माळावरची सात वळणं

आमच्या वस्तीला वाट नव्हती. बारामती-इंदापूर रस्त्यापासून आत, माळाच्या पोटात तीन घरं. एका अंगाला दुसऱ्याचं शेत, दुसऱ्या अंगाला गायरानाचा माळ आणि त्यातला उभ्या कड्याचा ओढा. आम्ही शेजाऱ्याच्या बांधावरून जायचो. धाकट्या भावाच्या वेळी आईला बाजेवर घालून चौघांनी त्याच बांधावरून नेलं होतं. दुधाची किटली वडील रोज डोक्यावरून नेत. मी दहावी झाले त्या उन्हाळ्यात बांधावरच्या एका बाभळीवरून भांडण पेटलं आणि शेजाऱ्यानं बांधावर काटेरी फांद्या टाकल्या. वडील म्हणाले, "झालं शिकणं. आता जायचं कुठनं?" आणि नेमका आमच्याच नात्यात, रस्ता नसणं ही जगातली सगळ्यात देखणी गोष्ट आहे असं मानणारा माणूस जन्मला होता. ते वडिलांचे मावसभाऊ. आम्ही त्यांना तात्या म्हणतो.

तात्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. ती गेली, शेती आली, आणि तात्या दुसऱ्याच्या ट्रकवर ऊस वाहता वाहता एका म्हाताऱ्या ट्रकचे मालक झाले. सहा दिवस ते डांबरी रस्त्यावरून ऊस, कडबा, विटा वाहत, तोंड कडू करून. "डांबरावर गाडी चालत न्हाय, नुसती सरकती," असं त्यांचं मत होतं. रविवारी ट्रक रिकामा करायचा, कळपातल्या म्होरक्याच्या गळ्यातली जुनी पितळी घंटा आरशाला बांधायची आणि जिथं चाक कधी गेलं नाही असा माळ हुडकत निघायचं. लोक भेटले की पावसापाण्याचं विचारतात, तात्या विचारायचे, "तुमच्याकडं माळ कसा हाय?" दहाव्याला गेले तरी हेच. पुतण्यासाठी नरसिंहपूरला मुलगी बघायला गेले, तेव्हा पोहे येईपर्यंत हे घरामागं नदीकडं गेले ते तासाभरानं आले आणि म्हणाले, "सोयरीक करून टाका. घरामागं काय उतार हाय." मुलगी त्यांनी पाहिलीच नव्हती. लग्नाला वऱ्हाड त्याच ट्रकमधून आणि अर्थात माळामाळानंच गेलं. बायका उतरल्या त्या लुगड्यांत कुसळं आणि केसांत धूळ घेऊन. तात्यांची बायको, आमच्या काकू, कडाडल्या, "सरकारनं रस्ता कशाला केलाय म्हणते मी?" तात्या शांतपणे म्हणाले, "ज्यास्नी वाट माहीत न्हाय त्यांच्यासाठी."

त्यांची एक रीत होती. नवा माळ दिसला की ट्रक बाभळीखाली उभा करायचा, चपला काढून सीटवर ठेवायच्या आणि आधी सगळा उतार अनवाणी चालून यायचं. मान खाली, हात पाठीमागं. ते मेंढरांची जुनी वाट शोधत असत. "मेंढरू नाकासमोर उतरत न्हाय," ते सांगायचे. "आडवं जातं, वळतं, परत आडवं जातं. ट्रकलाबी तसंच न्यायचं. घाई केली की गेलं." मग इतका मोठा ट्रक त्या उतारावरून असा हलक्या पावलानं खाली यायचा, की घंटा ऐकून लांबचे लोक कळप आला म्हणून वळून बघायचे.

एका उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागं सरकलं तेव्हा त्यांनी काकूंना आणि मला डाळजच्या बाजूला नेलं. भेगाळलेला गाळ लांबवर पसरला होता, आणि तो संपतो तिथं पाणी आहे की आभाळ, ते कळत नव्हतं. पार टोकाला रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ होती. तात्यांनी इंजिन बंद केलं आणि बॉनेटवर चढून बसले. वारा आला की घंटा किणकिणायची, बाकी काही नाही. मी म्हणाले, "तात्या, हितं आधी लोकांची शेतं हुती की." ते म्हणाले, "व्हय. त्यांचे बांधबी असतील, भांडणंबी असतील. आज बघ. कुणाचंच न्हाय, म्हणून समद्यांचं." परतताना ट्रक गाळात रुतला. मेंढरांची वाट नव्हती म्हणून ते म्हशींच्या खुरांच्या ठशांवरून निघाले होते. ट्रॅक्टर येईपर्यंत तात्या स्वतःशीच पुटपुटत होते, "म्हशीवर इश्वास ठेवला. म्हशीला रुतायलाच आवडतं." काकू म्हणाल्या, "आणि तुमाला?"

तात्यांची ही रीत आठवली म्हणून बांध बंद झाल्यावर मी त्यांच्याकडं गेले. रडले नाही. म्हणाले, "तात्या, आमच्या माळावर उतार हाय. ओढ्याचा कडा मात्र वाईट हाय." त्यांचे डोळे चमकले. तीन रविवार ते आमच्या माळावर अनवाणी फिरले. घरात आले नाहीत, चहासुद्धा आईनं बाहेर नेऊन दिला. बोरी-बाभळींनी गिळलेली मेंढरांची वाट त्यांना तिसऱ्या रविवारी सापडली. ते कोयता घेऊन दिवसभर झुडपं तोडत राहिले. वडील कुऱ्हाड घेऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले. चौथ्या रविवारी, जिकडून आजवर बैलगाडीही आली नव्हती, तिकडून घंटा वाजली. तिन्ही घरं अंगणात आली. ट्रक कड्याशी थांबला, आडवा झाला, वळला, परत आडवा झाला. मी वळणं मोजत होते. सातव्या वळणाला तो ओढ्यात उतरला, पलीकडं चढला आणि आमच्या दारात येऊन फुरफुरत उभा राहिला.

वडील पुढं झाले. "तात्या, आमच्यासाठी एवढं..."

"तुमच्यासाठी कोण करतंय? उतार चांगला हाय," तात्या म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "वळणं ध्येनात ठेव. उद्या पायी जायचंय न्हवं?"

त्यानंतर ते रविवार चुकले नाहीत. पावसानं वाट पुसली की पुन्हा चाकं फिरवून उमटवायचे. दोन चाकोऱ्या पडल्या. एकीतून मी कॉलेजला जायची, दुसरीतून वडील सायकलीवर किटली घेऊन. पुढं मुरूम पडला, त्यानंतर डांबर आलं. तरुण इंजिनिअर म्हणाला, रस्ता सरळ काढू. दोन दिवस त्यानं मोजमापं घेतली आणि सातही वळणं होती तशीच ठेवली.

नारळ फोडायला तात्यांना बोलावलं. ते चालत आले. चपला काढून चार पावलं डांबरावर टाकली आणि पुन्हा घातल्या. मी म्हणाले, "तात्या, आता ट्रक आणा की." ते हसले. "आता कशाला? आता कुणीबी यील."

त्यांचा ट्रक आता लिंबाखाली उभा असतो. घंटा अजून आरशाला आहे, वाऱ्यानं वाजते. माळ उसाखाली गेले, प्लॉटखाली गेले. मी आता शाळेत शिकवते. रविवारी तात्यांचा फोन येतो, "बाई, तुमच्या शाळेकडं कुठं माळ ऱ्हायलाय का?" मी एसटीच्या खिडकीतून बघत असते. परवा इंदापूरच्या अलीकडं एक उतार दिसला, त्यावर मेंढरं आडवी उतरत होती. यंदा सुट्टीत तात्यांना तिथं न्यायचं आहे, चालत का होईना.

मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, आमच्या घरातली पहिली. सकाळची एसटी आता वस्तीवर येते आणि सात वळणं घेत जाते.