घोडीचं दूध कोण प्यायलं?

सौदीत राबिघला आमच्या कॉलनीतली मराठी मंडळी दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी जेवायला जमतात. मंगोलियाच्या सहलीवरून आल्यापासून तिथे माझ्या बायकोला एकच प्रश्न विचारला जायचा. "काकू, आणखी एक वाटी?" हल्ली तिने जाणंच बंद केलं होतं. आता आम्ही सौदी कायमचं सोडतो आहोत, आणि निरोपाच्या जेवणालाही ती यायला तयार नव्हती.

"तुमचे तुम्ही जा. मला बेवडी म्हणून निरोप नको."

बोलणं बरोबर होतं. प्यायलो मी होतो.

जन्म वाळू बघण्यात गेलेला. त्यामुळे मंगोलियातलं क्षितिजापर्यंतचं गवत बघून ही म्हणाली होती, "अहो, एवढं कापणार कोण?" एका मेंढपाळ कुटुंबाच्या गोल तंबूत आजीबाईंनी आम्हाला वाटी वाटी घोडीचं आंबवलेलं दूध दिलं. चव आंबट ताकाची. ताटात काही टाकायचं नाही, हे लहानपणचं वळण; मी वाटी संपवली. आजीबाईंनी लगेच भरली. तीही संपवली, आणि अरबांकडे कॉफी पुरे झाली की कप हलवतात तशी वाटी डावी-उजवीकडे हलवली. आजीबाईंचा चेहरा खुलला. पुन्हा भरली.

"अहो, तळाशी थोडं ठेवा," ही कुजबुजली. तिची वाटी अर्धी होती, म्हणून तिला कुणी वाढत नव्हतं.

"मला शिकवू नकोस. अर्धं आयुष्य अरबांचा पाहुणचार घेतलाय मी," असं म्हणून मी वाटी आणखी जोरात हलवली.

त्या दुधात नशा असते, हे मला उठताना कळलं.

परतल्यावर फोटो दाखवताना कुणीतरी विचारलं, "हे कोण प्यायलं?" फोटोत वाटी हिच्या हातात होती. समोर बसलेल्या पोरांना मी वर्षानुवर्षं बजावत आलो होतो, "दारूच्या वाटेला जाऊ नका, इकामा जाईल, देशाबाहेर काढतील, नोकरी जाईल." तोंडातून निघून गेलं, "तुमच्या काकू! आवरेना!"

तर निरोपाच्या जेवणाला हिला कशीबशी घेऊन गेलो आणि भात येण्याआधीच उभा राहिलो. "ती गोष्ट खोटी आहे. मी प्यायलो होतो."

"काका, जाता जाता काकूंना वाचवताय होय!" सगळे हसले. एकाने टाळ्याही वाजवल्या. हिने मान खाली घातली.

आता गाळलेला भाग सांगणं आलं. "तंबूबाहेर उंट बांधला होता. दोन कुबडांचा. मी त्याच्याभोवती फेरी मारली, कुबडं टिचकी मारून बघितली आणि आजीबाईंना सांगितलं, ड्रॉइंगमध्ये एकच आहे. रिजेक्ट. परत पाठवा."

समोर बसलेल्या अर्ध्या पोरांचं वेल्डिंग मी इन्स्पेक्टर म्हणून याच शब्दांत नापास केलेलं.

"म्हणजे काकाच!" कोपऱ्यातून एकजण ओरडला. "दुसरं कोण उंट रिजेक्ट करणार?"

हसण्याचा गोंधळ थांबेना. तेवढ्यात कुणीतरी माझ्यापुढे ताकाचा पेला धरला. "काका, आणखी एक वाटी?"

हिने मान वर केली. कितीतरी दिवसांनी मोकळं हसली.

"आणि मेंढ्यांचं?" तिने मला विचारलं.

"ते राहू दे."

"राहू दे काय? मेंढ्यांना सेफ्टी ट्रेनिंग कुणी दिलं?" असं म्हणत तिने पदर खोचला आणि पुढचं सांगायला ती स्वतःच उभी राहिली.