आभार राहिले

"एक मिनिट हं. आभार राहिले."

असं म्हणत काका उठायचे. बुशशर्ट दोन्ही हातांनी खाली ओढायचे, घसा साफ करायचे आणि माइककडे निघायचे. तोपर्यंत गिटारवाल्याने गिटार पेटीत घातलेली असायची, कोणी बिल मागत असायचं, कोणी गाडीच्या किल्ल्या चाचपत असायचं. तुम्हीही असा गृहस्थ पाहिलेला असणार. आपल्याकडच्या कुठल्याही व्याख्यानाला, गॅदरिंगला, सत्काराला तो असतोच, आणि तो उठला की आपण हळूच दाराकडे सरकतो. आमचे काका हे करायचे दुबईत, अल बर्शाच्या एका जुन्या हॉटेलच्या छोट्याशा हॉलमध्ये. समोरच्या निम्म्या लोकांना आभारप्रदर्शन नावाची काही गोष्ट असते हेच मुळी ठाऊक नव्हतं.

त्या हॉलमध्ये महिन्यातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी तीन-चार छोटे बँड जमतात. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतली, डोंगरांतली जुनी गाणी गातात. आगगाडीची, खाणीची, सोडून आलेल्या घराची. त्यातल्या एका बँडमध्ये मी व्हायोलिन वाजवते. वसईला चर्चच्या क्वायरसाठी शिकले होते, ते असं कामाला आलं. आमचा म्होरक्या अमेरिकन आहे, इथल्या एका शाळेत गणित शिकवतो आणि बँजो वाजवतो. दिवसा मी रास अल खोरला एका काँट्रॅक्टिंग कंपनीत अकाउंट्स बघते. काका त्याच कंपनीत ॲडमिनला होते. साताऱ्याकडचे. ऑफिसात सगळे त्यांना काकाच म्हणायचे, पठाण ड्रायव्हरसुद्धा.

मी त्यांना कार्यक्रमाचं सांगितलं ते निव्वळ सांगायचं म्हणून.

"बँजो म्हणजे आपल्या गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो ना?"

"नाही हो काका. हा वेगळा."

"असू दे. येतो. नाहीतरी त्या वेळी घरी जाताना शारजाच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये नुसतं बसूनच राहायचं असतं. तिथे बसण्यापेक्षा इथे बसतो."

आले. दुसऱ्या रांगेत, मांडीवर ऑफिसची बॅग घेऊन, पाठ ताठ ठेवून बसले. आजूबाजूला लोक बिअर पीत होते, यांनी चहा मागवला. शेवटचं गाणं झालं, टाळ्या झाल्या, लोक उठले, आणि काका माइकपाशी पोचले. माइकवर दोनदा टिचकी मारली.

"लेडीज अँड जंटलमेन, काइंडली सिट डाउन. वन आयटम इज पेंडिंग."

आणि लोक चक्क बसले! बहुधा कोणाची गाडी वाटेत आडवी लागली असेल, ती हलवायला सांगतायत असं त्यांना वाटलं असावं. काकांनी आभार मानायला सुरुवात केली. गाणाऱ्यांचे, वाजवणाऱ्यांचे, साउंडवाल्याचे. हळू गाण्याच्या वेळी ग्लासांचा आवाज होऊ दिला नाही म्हणून वेटरचे, नाव घेऊन. पार्किंग दाखवणाऱ्या वॉचमनचे, नाव आणि गाव घेऊन. तिसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंचे, कारण त्यांनी अख्खं गाणं खोकला आवरून धरला होता. मी स्टेजच्या कडेला व्हायोलिन छातीशी धरून उभी होते आणि धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं.

बाहेर पॅसेजमध्ये मी त्यांना गाठलं.

"काका, इथे अशी पद्धत नसते."

"मग कशी असते?"

"गाणी संपली की लोक घरी जातात."

"आभार न मानता?" जेवून हात न धुताच लोक उठतात असं मी सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही. हळूहळू मला त्यांची रीत कळली. मध्यंतरात लोक बाहेर हवा खायला जायचे तेव्हा हे हॉलमध्ये फिरायचे. वायरी गुंडाळणाऱ्याजवळ, किचनच्या दाराशी, रिसेप्शनपाशी. "नाम क्या है आपका? गाव कौन सा?" हे सगळं लक्षात ठेवायचे. कागद कधी हातात घेतला नाही. कागद बघून आभार मानणं म्हणजे किराणाची यादी वाचणं, असं त्यांचं मत होतं.

हे वेड कुठून लागलं, असं मी एकदा विचारलं. त्यांच्या गावच्या वाचनालयाची व्याख्यानमाला होती. तरुणपणी हे तिथे राबायचे.

"अध्यक्ष व्हायला डॉक्टर होते, प्रास्ताविकाला हेडमास्तर, पाहुण्यांच्या परिचयाला वकीलसाहेब. आभार कोणी घेईना. तोवर लोक चपला शोधायला लागलेले असतात ना! मग माझ्या गळ्यात घातलं." हसून म्हणाले, "पण मला आवडलं बरं का. अध्यक्ष पुढे बसलेल्यांशी बोलतो. आभारवाला पाठीमागच्यांशी."

"आणि ऑफिसात कधी कोणाला थँक्यू म्हणताना दिसला नाहीत!"

"ऑफिसात? तिथे यल्ला यल्ला, चला चला करून दिवस जातो. थँक्यू म्हटलं तर माणूस संशयाने बघतो, हबीबी, अब क्या काम है?"

संगीत त्यांना कितपत कळायचं कोण जाणे. बँजो लाह्या फुटल्यासारखा वाजतो, एवढंच त्यांनी एकदा सांगितलं, आणि तेही कौतुकाने. पण एकदा आमच्या म्होरक्याने आईवरचं गाणं म्हटलं. आई शेतावर एकटी आहे आणि मुलगा परत येईन म्हणून सांगून गेलाय, असं काहीतरी. त्या दिवशी काकांनी माइकवरून त्याच्या आईचे आभार मानले. "शी इज नॉट प्रेझेंट. बट शी हॅज सेंट हर सन." हॉलमध्ये कोणी हसलं नाही. त्याने घरी जाऊन आईला फोन केला. दुबईत एका माणसाने तुझे आभार मानले म्हटल्यावर, त्याची आई काय झालं, कशाबद्दल, असं तीनतीनदा विचारत राहिली म्हणे. तेव्हापासून तो काकांना वाकून नमस्कार करायला लागला.

लोकही थांबायला लागले. शेवटचं गाणं झालं तरी कोणी उठायचं नाही. वेटर ट्रे खाली ठेवून भिंतीला टेकून रांगेत उभे राहायचे, किचनमधली माणसं हात पुसत दारात यायची. हॉटेलचा मॅनेजर सुरुवातीला घड्याळ दाखवायचा. मग एके दिवशी त्याचंही नाव आलं, आणि पुढच्या वेळी तोही रांगेत उभा राहिला.

मग कंपनीने कळवलं की काकांचं वय झालं, व्हिसा पुढे वाढणार नाही. उभं आयुष्य इथे काढलेला माणूस. ऑफिसात सगळ्यांसमोर त्यांनी दोन्ही हात झटकले. "खलास! सुटलो." पँट्रीत मी चहा करत होते, तिथे आले आणि दार लोटून घेतलं.

"अगं, शुक्रवारचं काय?"

"काका, तिकडे घर आहे, मुलगा आहे. तुमचं वाचनालय आहे."

"घर आहे. सूनबाई चांगली आहे. वाचनालयात आता आभाराला दुसरा माणूस आहे." कपाकडे बघत म्हणाले, "चांगला बोलतो म्हणे."

नोकरी गेल्याचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. आपल्यावाचून कोणाचं काही अडेल अशी जगात ही एकच जागा होती, आणि ती जाणार होती. हे मला तेव्हा समजलं आणि फार वाईट वाटलं.

आम्ही ठरवलं की शेवटच्या शुक्रवारी त्यांचेच आभार मानायचे. आपल्या पद्धतीने. बर दुबईच्या बाजारातून मी शाल आणली, नारळ आणला. आमचा म्होरक्या आठवडाभर 'मनःपूर्वक आभार' घोकत होता. मनःपूर्वकमध्ये त्याची बोबडी वळायची.

शेवटचं गाणं झालं. कोणी उठलं नाही. भिंतीशी रांग लागली. काकांनी बुशशर्ट खाली ओढला, माइकपाशी गेले, टिचकी मारली. मग त्या रांगेकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं.

"टुडे, नो व्होट ऑफ थँक्स," ते म्हणाले. "कीप इट पेंडिंग."

आणि बॅग उचलून सरळ बाहेर पडले. मी शाल-नारळ घेऊन मागे धावले. पार्किंगमध्ये गाठलं.

"काका, हे काय? आज आम्हाला तुमचे आभार मानायचे होते!"

"कळलं होतं मला. तो मास्तर मघापासून ओठ हलवत होता."

"मग?"

"आभार मानले की कार्यक्रम संपतो, बाळ. लोक उठतात." त्यांनी माझ्या हातातला नारळ घेतला. "हा नेतो, चटणीला होईल. शाल तू ठेव. राहिलेत तर राहू देत."

ते गेल्यावर प्रत्येक कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी त्यांना फोन करायचे.

"झाला कार्यक्रम?"

"झाला."

"आभार कोणी मानले?"

"कोणी नाही. राहिले."

"बरं झालं." आवाजात खुशी मावायची नाही. मग साउंडवाल्याची कंबर कशी आहे, वॉचमनला सुट्टी मिळाली का, अशा चौकश्या चालायच्या.

एका शनिवारी फोन त्यांच्या सूनबाईंनी उचलला. बाबा त्या आठवड्यात गेले, असं म्हणाल्या. सकाळी चहा मागितला, आणि तो हातात द्यायच्या आत. मग रडू आवरत म्हणाल्या, "शनिवारी सकाळी ते घरातल्या कोणाला फोनला हात लावू द्यायचे नाहीत. तुमचा येणार म्हणून."

मी फोन ठेवला आणि खूप रडले.

पुढच्या महिन्याच्या शुक्रवारी मध्यंतरात मी बाहेर गेले नाही. हॉलमध्ये फिरले. नाम क्या है आपका, गाव कौन सा. शेवटचं गाणं झाल्यावर व्हायोलिन शालीत गुंडाळून ठेवलं. ती शाल आता त्यालाच असते. माइकपाशी गेले. भिंतीशी रांग लागली. एकेकाचं नाव घेत गेले, वेटरचं, साउंडवाल्याचं, किचनमधल्या नव्या बाईचं. गेल्या महिन्यात नव्याने आलेल्यांना संपलं असं वाटलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आता एकच नाव उरलं होतं. म्होरक्याने बँजो खाली ठेवला आणि ताठ उभा राहिला. मनःपूर्वक त्याला आता नीट म्हणता येत होतं.

मी माइकवर टिचकी मारली.

"लेडीज अँड जंटलमेन," मी म्हटलं, "वन आयटम इज पेंडिंग." आणि खाली उतरले. बराच वेळ कोणी जागचं हललं नाही.

एवढं लिहिलं, पण काकांचं नाव मी कुठेच घातलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पाठीमागच्या माणसांचं नाव घेतलंच पाहिजे हा त्यांचाच नियम, तो मी जाणूनबुजून मोडते आहे. नाव घेतलं की आभार मानून होतील. मग लोक उठतील.