बुडवून ठेवलेला पडाव

बायकोच्या मामांइतका खाडीच्या तंत्राने जगणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. नोकरी वागळे इस्टेटमध्ये, बिऱ्हाड कोपरला दुसऱ्या मजल्यावर आणि जीव कायम भरती-ओहोटीत. पाणी चढतं असल्याशिवाय ते शुभकार्याला हात लावत नसत. आमच्या लग्नाचा मुहूर्त नेमका ओहोटीत निघाला, तर या गृहस्थांनी आपल्या अक्षता मुठीत धरून ठेवल्या आणि पाणी फिरल्यावर, भर पंगतीत, आमच्या डोक्यावर टाकल्या. निम्म्या माझ्या मठ्ठ्यात पडल्या. घरी सोफ्यामागे सुकाणू आणि गॅलरीत जुनं शीड. मामी त्यावर पापड वाळत घालायच्या आणि पाहुण्यांना सांगायच्या, "ही माझ्या सवतीची साडी."

सवत म्हणजे मामांच्या वडिलांचा पडाव. कल्याणच्या बंदरातून भात नि कौलं भरून शिडावर मुंबईला जाणारी भलीमोठी लाकडी होडी. ट्रक आले तसे बाकीचे पडाव फोडून जळणाला गेले. मामांनी आपला दिला नाही. तो बुडाला असं कळल्यावर आम्ही नवराबायको तोंडं पाडून, फळं घेऊन समाचाराला गेलेलो. तर कमरेपर्यंत चिखलाने माखलेले मामा पेढे वाटत होते.

"बुडाला नाही, बुडवला," ते म्हणाले. "लाकूड उन्हात तडकून मरतं, जावईबापू. पाण्यात नुसतं झोपतं."

जुने लोक म्हणे असंच करत. पडावात दगड भरून तो खाडीच्या आडोशाला तळाशी ठेवायचा, वर्षातून एकदा वर काढून तेल पाजायचं, पुन्हा बुडवायचा. मामा सगळी रजा त्यातच घालवायचे. मामींना त्यांनी कुठे फिरवून आणल्याचं मला आठवत नाही.

मग मामांची छाती बिघडली. चिखलात उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मामींना एकदा पडावात बसवायचं, एवढंच त्यांच्या मनात राहिलेलं. कोळीवाड्यातल्या मंडळींनी ओहोटीला दगड काढले, पाणी उपसलं. भरती आली आणि तो म्हातारा पडाव हळूच उचलला गेला. पदर सावरून बसलेल्या मामी तिवरांच्या कडेकडेने दिसेनाशा झाल्या. मामा काठावर खुर्ची टाकून बसलेले. परतल्यावर मामी म्हणाल्या, "थेंबभर पाणी आत आलं नाही हो."

मी म्हटलं, आता राहू दे वर, लोक बघायला येतील. मामांनी खुर्चीतूनच दगडांच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

"नको. पुन्हा बुडवा. माझ्यामागे याला तेल कोण लावणार?"

पहिला दगड मामींनी ठेवला.

त्या पावसाळ्यात मामा गेले. पडाव अजून तळाशी आहे. अमावस्येच्या ओहोटीला त्याचं पुढचं टोक दिसतं, ते मामी जाऊन बघून येतात. परवा आमच्या मुलाच्या मुंजीत मंगलाष्टकं संपली, सगळ्यांच्या अक्षता पडल्या, तरी मामींची मूठ मिटलेलीच होती. काय ते मला कळलं. मी मुलाला त्यांच्या शेजारी बसवलं आणि आम्ही पाणी फिरायची वाट बघत राहिलो.