ओव्हरसियरचे निदान

"कापा चुडा, डॉक्टर. रक्त अडून राह्यलं, म्हणून कोपर दुखते," ओव्हरसियर म्हणाले. कानसही त्यांनीच आणली होती.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. मी राळेगाव तालुक्यात सरकारी डिस्पेन्सरीत होतो. समोर बसलेली सोमलीबाई तांड्यावरची, सडकेच्या कामावर खडी फोडणारी. बंजारा स्त्री लग्नानंतर दंडावर हाडाच्या बांगड्यांचा चुडा घालते. तो उतरतो नवरा मेल्यावर. चुडा काढ, नाहीतर कामावर येऊ नको, असे ओव्हरसियरनी तिला बजावले होते. शरीरशास्त्र ते खडीच्या ढिगावर शिकले असावेत. मी कॉलेजात शिकलो होतो. तरी हात न तपासताच कानस उचलली.

"माहा नवरा जिता हाय, साहेब," बाई म्हणाली. "तुमच्या बायकोचं डोकं दुखलं, त तिचं कुंकू पुसता का?"

मी कानस खाली ठेवली. चुडा दंडावर सैल फिरत होता. बोटे गरम होती, सूज नव्हती; म्हणजे रक्त कुठे अडलेले नव्हते. मूठ वळून मनगट वर उचलायला सांगितले आणि वरून दाबले. ती कळवळली. मनगट उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेले असतात. दिवसभर घट्ट मुठीने एकच काम केले की तेथे ताण बसतो. डॉक्टर त्याला टेनिस एल्बो म्हणतात. सोमलीबाईने टेनिस पाहिलेले नव्हते.

"आणखी कोणाचा हात दुखतो?"

"दोघी गोंडिनींचा. त्याहीच्या दंडावर त काहीच नाही."

दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन हातोडा पाहिला. दांडा बारीक बांबूचा. निसटू नये म्हणून बायका जीव खाऊन मूठ आवळत होत्या.

"हलका दांडा मीच मंजूर केला," ओव्हरसियर म्हणाले. "बायकांले जड काहून द्याचा?"

मी सर्टिफिकेट लिहिले: तिघींना तीन आठवडे हातोडा बंद, रोज शेक, नंतर मनगटाचा हलका व्यायाम. 'कामावरून काढू नये' हेही लिहिले आणि खाली ओव्हरसियरची सही घेतली. तोवर त्या तिघींनी इतर मजूर बायांची तान्ही मुले राखली. सर्व दांडे मी सुतळी गुंडाळून जाड करवून घेतले.

दोन महिन्यांनी सोमलीबाई पुन्हा पूर्वीसारखी दिवसभर खडी फोडू लागली, चुड्यासकट. ओव्हरसियरनी वर रिपोर्ट पाठवला की जाड दांड्यांची कल्पना त्यांची. चूक कबूल करण्याइतका त्यांचा हुद्दा लहान नव्हता.

कोपर दुखत असेल तर त्या हातात दिवसभर काय असते, ते आधी पाहावे. निदान कोणत्या खुर्चीवरून आले, ते पाहू नये.