टोइंगची गाडी येईपर्यंत

मी जनावरांची डॉक्टर आहे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतले गोठे गेली वीसेक वर्षं पालथे घालते आहे. आधी मोटारसायकल होती, मग एक जुनी चारचाकी आली. ती दोन्ही वाहनं इतक्या ठिकाणी बंद पडली की बहुतेक गावांत माझी गाडी कधी ना कधी ढकललेला एखादा तरी माणूस सापडेल. त्याचा मला थोडा तोराही होता. विम्याचा एजंट दर वर्षी विचारायचा, "मॅडम, रोडसाइड असिस्टन्स टाकू का त्यात?" आणि मी म्हणायचे, "मला कशाला? मला रस्त्यात टाकून पुढं जाणारा माणूस अजून भेटायचाय."

मग डावा गुडघा दुखायला लागला. क्लच दाबणं नको झालं, म्हणून आम्ही ऑटोमॅटिक गाडी घेतली. सुरुवातीची काही वर्षं गाडीच्या कंपनीचीच मदत फुकट होती. ती मुदत संपली त्याच सुमारास विमा नव्याने भरायची वेळ आली. माझा नवरा अवसरी खुर्दच्या कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. कुठलाही कागद तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. त्या दिवशी जेवणं झाल्यावर त्याने पॉलिसीची पानं टेबलावर पसरली.

"हे रोडसाइडचं या वेळी घ्यायचं," तो म्हणाला.

"फोन केला की माणसं येतात मला."

"येतील की. पण येतील ते दोर घेऊन येतील. ही गाडी ओढायची नसते. चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर गिअरबॉक्स आतून जाऊ शकतो. ट्रकच्या पाठीवर चढवूनच न्यावी लागते."

मी म्हटलं, बरं, मग बिघडली तर ते दुरुस्तही करून देतील ना? तो हसला. "नाही. लोकांचा तिथंच घोटाळा होतो. बॅटरी उतरली तर चालू करून देतील, पंक्चर झालं तर तुझी स्टेपनी लावून देतील, पेट्रोल संपलं तर आणून देतील, पण पेट्रोलचे पैसे तुझे. त्यातून चालू नाही झाली तर जवळच्या वर्कशॉपला पोचवतील. तेही ठरावीक अंतरापर्यंत, आणि वर्षातून ठरावीक वेळा. वर्कशॉपमधला खर्च आपला आपणच करायचा."

"म्हणजे विमा नव्हेच हा. नुसती उचलून नेणारी गाडी."

"हो. नुसती उचलून नेणारी गाडी."

आणखी एक ओळ त्याने बोट ठेवून वाचून दाखवली. वाहन ट्रक पोहोचू शकेल अशा रस्त्यावर असलं पाहिजे. मी मान हलवली आणि भांडी आवरायला उठले. बाहेर दोघांनी जेवायचं म्हटलं तर लागेल तेवढीच रक्कम होती, म्हणून फार वाद न घालता हो म्हटलं. तो ऐकेना म्हणून घेतलं, एवढंच.

पुढे सातआठ महिन्यांनी, एका सोमवारी, मी बेल्ह्याच्या जनावरांच्या बाजारात होते. दुपारी एकच्या सुमाराला खोडदच्या पलीकडच्या एका मळ्यातून बाईचा फोन आला. तिची गाय सकाळपासून कळा देत होती, पाय दिसत होते, पण वासरू पुढे सरकत नव्हतं. "ताई, लवकर या. लई थकलीय ती." पहिलारू गाय होती, पहिलंच वेत. मालक कामानिमित्त पुण्याला गेलेला. घरात ती एकटी.

वेळ वाचवायला मी डांबरी रस्ता सोडून कालव्याच्या कच्च्या रस्त्याने गाडी घातली. आधी कितीतरी वेळा गेले होते, पण जुन्या, उंच गाडीतून. या गाडीच्या पोटाला एका ठिकाणी दगड लागला. आवाज मोठा झाला, तरी गाडी पळत राहिली, म्हणून मी थांबले नाही. दोनेक किलोमीटरवर लाल दिवा लागला. इंजिन चालू, पण ॲक्सिलरेटर दाबला की नुसती घरघर. पुढे जाईना, मागे जाईना. उतरून वाकून पाहिलं तर खाली तेलाचं थारोळं, आणि आलेल्या वाटेवर मागेपर्यंत तेलाची बारीक धार.

मी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडे एक मुलगी हिंदीत बोलत होती, आवाज अगदी गोड. तिने गाडीचा नंबर घेतला आणि लोकेशन मागितलं. मी पाठवलं, पण रेंज इतकी तुटत होती की ते जाईचना.

"मॅडम, कोई लँडमार्क बताइए."

मी आजूबाजूला पाहिलं. एका बाजूला कालवा, एका बाजूला कांदा, आणि शेतांच्या पलीकडे आभाळाकडे तोंड करून उभी असलेली रेडिओ दुर्बिणीची मोठी जाळीदार तबकडी. "यहाँ एक बडा डिश है," मी म्हटलं.

"डिश मतलब, टीव्ही की दुकान?"

तिला समजावण्यात अर्थ नव्हता. अशा तबकड्या या भागात बऱ्याच आहेत, सांगून तरी काय उपयोग? मी खोडद सांगितलं, कालवा सांगितला, पुढे शंभरेक पावलांवर दिसणारा डांबरी रस्त्याचा कालव्यावरचा पूल सांगितला. तिने सगळं लिहून घेतलं. "डेढ घंटा लगेगा, मॅडम. आप सेफ जगह पर हैं ना?"

मी सुरक्षित होते. गाय नव्हती.

तेवढ्यात मागून कांद्याच्या गोण्या भरलेला ट्रॅक्टर आला. दोघे भाऊ होते. दोघांनाही मी ओळखत होते. त्यांच्या म्हशी मी पाहिल्या आहेत. थोरला पन्नाशीचा, कमी बोलणारा. धाकटा उतरतानाच ट्रॉलीतला जाड दोर सोडायला लागला.

"काय झालं, डॉक्टरताई? चला, बांधतो. पाच मिनटात खोडदात."

"नको, भाऊ. ही ओढायची नाही. ट्रक येतोय."

"ट्रक? आन ह्यो काय हाय मग?" त्याने ट्रॅक्टरवर थाप मारली. "अख्खा उसाचा ट्रक काढलाय ह्याने चिखलातनं."

मी गिअरबॉक्सचं सांगितलं. नवऱ्याने सांगितलं होतं तेवढंच मला येत होतं, आणि ते माझ्याच कानाला खोटं वाटत होतं. धाकट्याचा चेहरा उतरला. दोर त्याने पुन्हा ट्रॉलीत टाकला, जरा जोरातच. "आमच्यावर इस्वास न्हाई म्हना की. पैसं भरलेला मानूस पायजे आता."

मला फार वाईट वाटलं. याच माणसाने एकदा भर पावसात माझी मोटारसायकल गुडघ्याएवढ्या चिखलातून काढून दिली होती. मी एवढंच म्हणाले, "भाऊ, गाडीचं राहू दे. तिकडं गाय अडलीय."

थोरल्याने एकदम मान वर केली. "कुनाची?"

मी मळा सांगितला. त्याने भावाकडे पाहिलंही नाही. ट्रॉलीची पिन उपसली, ट्रॅक्टर मोकळा केला आणि म्हणाला, "बसा. बॅग द्या हिकडं." मग धाकट्याला, "तू थांब हितं. चावी घे ताईकडनं. ट्रक आला की बघ."

धाकट्याने चावी घेतली, पण माझ्याकडे न बघता.

ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून, बॅग मांडीवर आवळून, मी त्या मळ्यात पोचले. गाय आडवी पडली होती. बाई तिच्या डोक्याशी बसून मानेवरून हात फिरवत होती. मी हात धुतले, खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला आणि आत चाचपलं. वासराचे दोन्ही पुढचे पाय बरोबर होते, पण मान मागे वळलेली, तोंड बरगड्यांकडे. बोट त्याच्या जिभेला लागलं तेव्हा त्याने ती हलवली. जिवंत होतं.

अशा वेळी वासराला आधी परत मागे लोटावं लागतं, मग जबडा धरून मान पुढे आणायची. कळ आली की हात चेपला जातो, कळ गेली की पुन्हा सुरू. थोरला शेपटी धरून बसला होता. मला घाम आला होता, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला.

"ताई, उचलू?" बाईने विचारलं.

"उचल. माझ्या कानाला लाव."

ट्रकवाला होता. आवाजावरून इकडचाच. "मॅडम, मी आलोय, पुलाजवळ उभा हाय. तुमी कुठं? गाडी चढवायच्या आधी तुमचा ओटीपी लागतो. आन मालक हजर पायजे, तसा रूल हाय."

"मला येता येणार नाही. माझा हात गाईच्या पोटात आहे."

मग त्याने विचारलं, "पहिलारू?"

"हो."

"मान वळलीय?"

"हो."

"मग राहू द्या मालकाचं. माझ्याकडं बी दोन हायेत. नंबर तेवढा सांगा."

बाईने मेसेज उघडला. तिला चष्मा लागत होता आणि चष्मा घरात होता. फोन लांब धरून, डोळे बारीक करून ती एकेक आकडा वाचत गेली, "नऊ... चार... ह्यो एक हाय का सात?" थोरल्याने शेपटी न सोडता मान लांब केली आणि म्हणाला, "सात." मी ते चार आकडे फोनमध्ये ओरडून सांगितले. मग ट्रकवाला म्हणाला, "आजून एक आडचन हाय. माझी गाडी ह्या कच्च्या रस्त्याला उतरायची न्हाई. कडा ढासळलीय. तुमची वर डांबरीला आनावी लागंल."

तेव्हा मला ती बोट ठेवून वाचलेली ओळ आठवली. पण मी काय करणार? "तिथं एक भाऊ थांबलेत, त्यांना विचारा," एवढंच म्हणाले, आणि बाईला फोन बंद करायला सांगितलं, कारण मान हाताला लागली होती.

वासरू बाहेर आलं तेव्हा चारचा सुमार असेल. कालवड होती. थोडा वेळ ती नुसती पडून राहिली. नाकातोंडातला चिकट द्रव काढला, छाती चोळली, गवताची काडी नाकात घातली, तेव्हा शिंकली. बाई रडायला लागली आणि रडता रडता चहाचं आधण ठेवायला उठली. मी भिंतीला टेकून जमिनीवरच बसले. गाय उठून उभी राहीपर्यंत मला तिथून हलायचं नव्हतं.

थोरल्याने मला पुलापर्यंत आणून सोडलं. माझी गाडी ट्रकच्या सपाट पाठीवर पट्ट्यांनी बांधून उभी होती. धाकट्याने आजूबाजूच्या शेतांतून सहा माणसं बोलावली होती. गिअर न्यूट्रलला टाकून त्यांनी ती हळूहळू, एकेक पाऊल, हातांनी ढकलत डांबरीवर आणली होती. ट्रकवाल्याने त्याला गाडीखालचं तेल दाखवून सगळं समजावलं होतं: दोराने ओढलेलं चालत नाही, पण एवढंसं हाताने हळू ढकललेलं चालतं. आता दोघे ट्रकच्या सावलीत बसून गाईंच्या दुधावर बोलत होते.

मला पाहून धाकटा उठला. "कालवड का गोऱ्हा?"

"कालवड."

"ब्येस," तो म्हणाला. मग चावी माझ्या हातात देत, "तेल समदं वतलंय खाली. वढली असती तर वाटच लागली असती, हे सांगत्यात. मला काय ठाव?"

"मला तरी कुठं माहीत होतं, भाऊ," मी म्हणाले. ते खरंच होतं.

ट्रकच्या केबिनमध्ये बसून मी वर्कशॉपला गेले. वाटेत ट्रकवाला त्याच्या कामाचं सांगत होता. जास्त फोन बॅटरीचे येतात. लोक चिडतात, कारण त्यांना वाटतं हा येऊन गाडी दुरुस्त करील. "मी नुसता हमाल, मॅडम. पन लोकांना आधी कोनी सांगतच न्हाई." वर्कशॉपमध्ये निघालं ते असं: गिअरबॉक्सच्या तेलाच्या खालच्या तबकाला तडा गेला होता. ते बदललं, त्याचा खर्च आम्ही केला. गिअरबॉक्स वाचला. दोन किलोमीटर मी लाल दिवा लागेपर्यंत पळवली, तेवढ्यात गेला नाही हे नशीब, असं मिस्त्री म्हणाला.

या वर्षी विमा भरताना ते कव्हर मी स्वतःहून मागितलं. पण आधी अटी मी वाचल्या, नवऱ्याने नाही. एक फोन गाडीच्या कंपनीला करून खात्री केली की त्यांच्या नव्या सर्व्हिस पॅकेजात तेच पुन्हा विकत घेत नाहीये. दोन ठिकाणी एकच गोष्ट घ्यायच्या आम्ही अगदी बेतात होतो.

परवा धाकट्याच्या गोठ्यावर म्हशीला लस द्यायला गेले होते. त्याने विचारलं, "डॉक्टरताई, आमच्या पिकअपला घ्यावं का ते?"

मी त्याला विचारलं, ती किती जुनी, कुठंकुठं जाते. बरीच जुनी होती. एवढ्या जुन्या गाडीला देतात की नाही हेच आधी विचारायला लागणार होतं. जायची ती बेल्हे, नारायणगाव आणि घर, एवढीच. मी म्हटलं, "तुमच्या हाकेच्या अंतरावर तीन मिस्त्री आहेत, आणि तिला दोर चालतो. नका घेऊ. स्टेपनीत हवा आहे का तेवढी बघा."

"आन पोरगी पुन्यावरनं एकटी येती गाडी घिऊन, तिला?"

"तिला घ्या," मी म्हणाले. "आणि तिच्याच फोनमध्ये तो नंबर टाकून द्या, तुमच्या नको."

त्याने मान डोलावली आणि म्हैस धरली.