तेलाचा डबा आणि वर्षाची मिरची

माझ्या डोक्यात तेलाचा डबा अडकला नव्हता. तो मी पूर्ण विचार करून, स्वतःच्या हातानं घातला होता. नळदुर्गात अजून वेगळं सांगणारे लोक आहेत, म्हणून आधीच सांगते.

माणूस अंतराळात जाऊन आला, त्या सुमाराची गोष्ट. मी लग्न होऊन नळदुर्गला आलेली, मुलींच्या शाळेत शिकवायचे. सासूबाईंना (त्यांना मी आत्याबाई म्हणायचे) माझ्या नोकरीपेक्षा माझ्या शिंकांचा राग जास्त. वर्षाची मिरची कांडायला बसलं की चार घावांत मी अंगणाबाहेर पळायचे.

"मिरची कांडता येत न्हाय अन् शाळा शिकवती," आत्याबाई म्हणाल्या. "औंदा उखळ सोडून उठलीस तर शाळा बंद."

"आणि नाही उठले तर?"

"तर जा की. कोण अडवतंय?"

पेपरात अंतराळवीराचा फोटो आला होता. वर्गात मी त्यावर तासभर बोलले होते. वर हवा नसते म्हणून तो आपली हवा बरोबर नेतो. पोशाखात ती कोंडलेली असते, म्हणून अंगावर दाब राहतो. तोंडापुढची काच प्रखर ऊन अडवते. बाहेर काहीही असो, आतला माणूस सुखरूप. मग मिरचीची काय कथा?

तेलाच्या रिकाम्या डब्याला आमच्या यांच्याकडून खिडकी कापून घेतली. तीवर यांच्याच मॅट्रिकच्या फोटोची काच डांबरानं बसवली. ("फोटोला धूळ लागेल," हे म्हणाले. त्याचा विज्ञानाशी संबंध नव्हता.) सायकलची ट्यूब कापून एक टोक डब्यात घातलं, दुसरं अंगणाच्या भिंतीतल्या खिडकीतून मागच्या बोळात सोडलं. डबा डोक्यात घालून गळ्याशी पंचा करकचून आवळला.

"बाई, माणसात ये," आत्याबाई म्हणाल्या.

मी मुसळ उचललं. सुरुवात झकास झाली. आत्याबाई नाकाला पदर लावून खोकत होत्या आणि मी काचेतून त्यांच्याकडं फार वरून बघत होते.

तेवढ्यात शेजारच्या शेवंताकाकूंनी बोळात चूल पेटवून मसाल्याची मिरची भाजायला घेतली. नेमकी आमच्या खिडकीखाली.

अंतराळवीर स्वतःची हवा का नेतो, ते मला तेव्हा नीट कळलं. मी बोळातली घेतली होती. पहिल्याच शिंकेला काच आंधळी झाली. डोळे पुसावेत तर मध्ये पत्रा. नाक धरावं तर मध्ये पत्रा.

"काय झालं गं?"

"काही नाही," मी डब्यातून म्हणाले.

"काढू का?"

"हात लावायचा नाही."

उखळ दिसेना. मुसळ कधी मिरचीवर, कधी दगडावर, एकदा यांच्या पायावर. हे लंगडत शेवंताकाकूंना थांबवायला गेले. काकू भाजणं तसंच टाकून डबा बघायला आल्या, आणि मागं तव्यावरची मिरची जळायला लागली. सगळं अंगण खोकत बाहेर पळालं. मी उठले नाही.

मिरची संपली, पण पंच्याची गाठ सुटेना. आत्याबाईंनी ती विळ्यानं कापली, डबा ओढून काढला आणि माझा चेहरा बघितला. मग पदर भिजवून माझे डोळे पुसले.

"आंधळी झालीस, पर उठली न्हाईस," त्या म्हणाल्या. "जा शाळंला. फकस्त सूज उतरू दे, पोरी भ्यातील."

सूज उतरल्यावर गेले. पहिल्याच तासाला एका मुलीनं विचारलं, "बाई, अंतराळवीराला आतल्या आत शिंक आली तर?"

मी खडू खाली ठेवला. त्या विषयावर बोलायचा अधिकार आख्ख्या जिल्ह्यात फक्त मला होता.