धाकट्या जावेचा आजार

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. माझ्या धाकट्या जावेला स्वभावाचा आजार आहे, त्याला औषध नाही, असं यवतमाळच्या एका डॉक्टरने कागदावर लिहून दिलं. त्याआधी वणीच्या एकाने हिस्टेरिया म्हटलं होतं. बाई एक, डॉक्टर दोन, आजार दोन. तरी आमच्या घरात कोणाला शंका आली नाही.

तिचा गुन्हा एवढाच, की दोन वर्षांच्या पोरीला दूध देत नाहीत म्हणून तिने सासूसमोर दुधाचा रिकामा गंज आपटला, आणि मग आठ दिवस कोणाशी बोलली नाही. कागद मिळाला की तिला माहेरी पोचवायचं, पोरगी इकडेच ठेवायची आणि दिराचं दुसरं लग्न लावायचं, हे आधीच ठरलेलं होतं.

यवतमाळला सोबत बाई हवी म्हणून मला नेलं. डॉक्टर परमुलखातला, हिंदी बोलणारा. खोलीत माझे यजमान बसलेले, म्हणजे तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यासमोर आमच्याकडे सून तोंड उघडत नाही. पदर हनुवटीपर्यंत ओढून उभी राहते.

"पति का नाम?"

ती गप्प. नवऱ्याचं नाव कोणती बाई घेते?

"घर में किससे झगड़ा है?"

ती गप्प.

"घरी हिची जीभ लई चालते, साहेब," यजमान हसले. "इथं पाहा, मुकी झाली."

डॉक्टरने मान हलवली आणि लिहायला घेतलं.

मी भिंतीला चिकटून उभी. पदर माझ्याही तोंडावर होता, गप्प मीही होते. पण मला घरात गुणाची म्हणतात. एवढंच बोलायचं होतं, की यांना बाहेर पाठवा आणि मग विचारा. ते वाक्य मनात जुळवेपर्यंत पुढच्या रोग्याला हाक गेली.

घरी आले तेव्हा अंगाची लाही झाली होती. सासूबाई भाकरी थापत होत्या.

"मामीजी, मामाजीचं नाव काय हो?"

"भांग प्याली काय वो? नवऱ्याचं नाव घेऊ काय मी आता?"

"मंग तुम्हाले बी तोच आजार आहे."

"चूप! चौथी शिकली त लई शहाणी झाली!"

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिघींना तेच विचारलं. एक लाजली, एक घागर घेऊन पळाली, तिसरीने शिवी दिली. सगळ्या रोगी निघाल्या.

चार दिवसांनी जावेचा भाऊ बैलबंडी घेऊन आला. ती मुकाट्याने चढली. पोरगी ओसरीवर सासूच्या हातात आकांत करत होती. मी तिला ओढून घेतलं आणि नेऊन आईच्या मांडीवर ठेवलं.

"काय करून राह्यली तू?" यजमान ओरडले.

"तिची आहे. जाऊ द्या."

भावाने लगेच बैल हाकले.

त्या दिवशी मी मार खाल्ला. पुढे कितीतरी दिवस घरात बोलणं चाले, हिलेही एकदा दाखवून आणा. नेलं मात्र नाही. कापूस फुटला होता, आणि वेचायला घरात एकच सून उरली होती.